तीन नंबरचा सिलिंडर : द्राक्षबागेसाठी जुना ट्रॅक्टर घेताना

ट्रॅक्टर 2018 चा. तीन सिलिंडर, 24 एचपी, फोर-व्हील, रुंदी चार फुटांच्या आत. मीटरवर 1,840 तास. मालकांनी सांगितलेली किंमत 3 लाख 25 हजार. टायर अर्ध्यावर आलेले, रंग बरा, सीटचं रेक्झिन फाटलेलं. दाजींनी फोनवर एवढं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "अर्ध्या सेल्फला उठतो म्हणतात. तू फक्त एकदा कान लाव."

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरचं तसंच झालं असतं.

मी पिंपळगाव बसवंतला डिझेल पंप आणि नोझलच्या बेंचवर अकरा वर्षं काढली आहेत. इंजिन बांधणारा मिस्त्री मी नव्हे. पण बिघडलेल्या इंजिनाचा पंप सगळ्यांत आधी आमच्याकडे येतो आणि निम्म्या वेळा पंपात काहीच नसतं. त्यामुळे "दोष इथे नाही, दुसरीकडे आहे" हे सांगायची सवय झाली आहे. या प्रकरणात मीच दोनदा चुकीच्या जागी थांबणार होतो, म्हणून ते सविस्तर लिहितो.

दाजींची दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी रोगाच्या भीतीने फवारणीला एक दिवसाचाही उशीर चालत नाही, आणि भाड्याचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचा पंख्याचा फवारा, नेमका त्याच दिवशी दुसऱ्याच्या बागेत असतो. या हंगामात दोनदा तसं झालं. तेव्हापासून ताई त्यांच्या मागे लागली होती की कर्ज नको, पण जुना का होईना स्वतःचा ट्रॅक्टर घ्या. विकणारे निफाडकडचे. त्यांनी बाग तोडून टाकली होती, त्यामुळे छोटा ट्रॅक्टर रिकामाच उभा राहायचा. विकण्याचं कारण पटण्यासारखं असलं की मला निम्मं हायसं वाटतं. उरलेलं निम्मं इंजिनाने द्यायचं असतं.

पहिल्यांदा गेलो ते दुपारी बारा वाजता. चहा व्हायच्या आधी मी सहज जाऊन बॉनेटखाली हात घातला. इंजिन गरम. मालकांचा मुलगा म्हणाला, "पाहुणे, आत्ताच गवत आणलं." खरंही असेल, मागे ट्रॉलीत घास होता. पण गरम डिझेल इंजिन तपासणं म्हणजे जेवण झालेल्या माणसाला भूक आहे का विचारणं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंग, मेलेले हीटर (ग्लो प्लग), ठिबकणारं नोझल हे सगळं गरम इंजिन झाकून टाकतं. सेल्फ मारला आणि खरोखरच अर्ध्या फेऱ्यात उठला. धूर जवळजवळ नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सौदा झालेला होता.

मी ऑइलची पट्टी काढली. ऑइल मधासारखं सोनेरी. नवख्या माणसाला हे पाहून बरं वाटतं, मला वाटत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळं पडतं. सोनेरी ऑइलचा अर्थ एवढाच की ते काल-परवा बदललंय, आणि जुन्या ऑइलबरोबर त्याने सांगितली असती ती सगळी हकिगतही गेली. मालकांना विचारलं, "जुनं ऑइल टाकलं कुठे?" गावाकडे जळकं ऑइल कोणी फेकत नाही, वाळवी लागू नये म्हणून मंडपाच्या बांबूंना फासायला ठेवतात. गोठ्यामागे पाच लिटरचा कॅन निघाला. तो दोन दिवस हलला नव्हता हे नशीब. वरचं ऑइल हळूच ओतून काढलं आणि तळातलं एका ताटलीत घेतलं. खाली पाण्याचा थेंब नाही, दुधाळपणा नाही. चिमटीत चोळून पाहिलं, उन्हात धरलं, लोहचुंबक फिरवलं. चकाकणारा कीस नाही. डिझेलचा वासही नाही, म्हणजे पंपाकडून किंवा नोझलकडून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत नव्हतं. बेअरिंगच्या बाबतीत थोडा जीव भांड्यात पडला.

रेडिएटरची जाळी मात्र बघवत नव्हती. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर स्वतःच्याच फवाऱ्याच्या धुक्यात उभं आयुष्य काढतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध), गंधक, पानांचा चुरा हे सगळं पंखा आत ओढतो. पाकळ्यांवर निळसर-हिरवा थर बसला होता, आणि तांब्याच्या औषधाने ॲल्युमिनियम खाल्ल्यामुळे खालच्या कोपऱ्यात बोटाने पाकळ्या भुगा होऊन पडत होत्या. मीटरवरचे तास कमी म्हणून खूश व्हायचं नसतं ते याचसाठी. नांगरटीत इंजिन मोकळ्या हवेत ओढतं. ब्लोअरवर ते पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या, मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी तासन् तास चढ्या वेगात फिरतं, आणि तेही गुदमरत.

त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "मालक, उद्या पहाटे येतो. आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. गवत आमच्या गाडीतून आणू." दाजींना हे अवघडल्यासारखं झालं. मालकांना नाही. ते म्हणाले, "या की. थंडी तेवढी बघून घ्या."

डिसेंबरातली निफाडची थंडी हे तपासणीचं फुकटचं यंत्र आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी उतरला की पेपरात छापून येतं. इंजिनाला ते छापायची गरज पडत नाही. सव्वासहाला पोहोचलो. ब्लॉकवर दव होतं. गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण निर्धास्त उघडता येतं, म्हणून आधी तेच उघडलं. पाणी चार बोटं कमी. कूलंट नव्हताच, बोअरवेलचं गढूळ तांबूस पाणी होतं. वर तेलाचा तवंग नाही.

मग हीटर. या छोट्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या लहान कोठडीत पेटतं, त्यामुळे गार असताना हीटरशिवाय त्यांना जमत नाही. चावी हीटरवर दहा सेकंद धरली आणि सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फला वगैरे काही नाही. चौथ्या खेपेला दोन सिलिंडरवर थरथरत उठला, बॉनेट गदागदा हलत होतं, आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट. मी मुद्दाम धुरात तोंड घातलं. डोळे चुरचुरले. पाण्याची वाफ डोळ्यांना झोंबत नाही, न जळलेलं डिझेल झोंबतं. अडीच-तीन मिनिटांनी तिसरा सिलिंडर जागा झाला, धूर विरला आणि कालचाच गुणी ट्रॅक्टर समोर उभा राहिला. दाजी म्हणाले, "थंडीच आहे रे. माणसं उठत नाहीत लवकर."

तो थरथरत असतानाच मी एक्झॉस्टच्या तिन्ही फाट्यांवर पाणी शिंपडलं होतं. पंख्याकडून पहिल्या आणि दुसऱ्यावर ते लगेच उडालं. तिसऱ्यावर, म्हणजे फ्लायव्हीलकडच्यावर, थेंब तसेच बसून राहिले. दोष तीन नंबरला. यासाठी स्कॅनर लागत नाही, तांब्याभर पाणी पुरतं.

इथे मी पहिल्यांदा चुकलो. रेडिएटरचं पाणी कमी, तीन नंबर गार असताना मेलेला. म्हणजे रात्रभर हेड गॅस्केटमधून त्याच सिलिंडरात पाणी उतरत असणार, असं मनात पक्कं केलं. धूर झोंबतोय हे नुकतंच पाहिलेलं असून. झाकण काढून चालू इंजिनात पाहिलं तर मिनिटभर बुडबुडे आलेही. पण पाणी पूर्ण भरल्यावर थांबले. ती आत अडकलेली हवा होती. गॅस्केट फुटलेलं असतं तर बुडबुडे थांबले नसते, आणि पाणी तापायच्या आधीच वरचा होजपाइप दाबाने कडक झाला असता. तो मऊच होता. पाणी कुठे जातंय ते मालकांच्या नातवाने दाखवलं: वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाखाली डाग होता, आणि त्यातून थेंब गळत होता. पंपाचं सील गेलं की पाणी तिथूनच बाहेर यावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. खर्च किरकोळ. हेड उघडण्यापासून वाचलो.

आता हीटर काढून पाहायचे, तर मालकांची परवानगी हवी. दुसऱ्याच्या मशीनला पाना लावताना आधी बोलून घ्यावं. दाजींनी पाच हजार इसार दिला आणि ठरलं, की काही मोडलं तर भरपाई आमची. मालकांनी स्वतःच पेटी आणून दिली. तिन्ही हीटर थेट बॅटरीवर लावले. दोन लालबुंद झाले, तीन नंबरचा काळाच राहिला.

दाजी हसले. "निघालं ना? काय किंमत याची?" काही शेकड्यांचा माल. इथे मी दुसऱ्यांदा थांबणार होतो. मेलेला हीटर, गार असताना न पेटणारा सिलिंडर: कोडं सुटलं. पण पेटीत जोडपाना होताच आणि इंजिन आता कोमट होतं, म्हणून हीटर परत बसवून इंजिन गरम केलं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून पाहिला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडाल तिथे आवाज पडायला हवा. एकला पडला, दोनला पडला. तीनला पडला, पण अर्धवट. गरम इंजिनाला हीटरशी देणंघेणं नसतं. म्हणजे हीटरमागे अजून काहीतरी दडलेलं होतं.

(हे करताना चष्मा लावावा आणि हात चिंधीसकट लांब ठेवावा. ही नोझल चौरस सेंटीमीटरला 140 किलोच्या आसपास दाबाला उघडतात. त्या दाबाची धार कातडीत सुईसारखी शिरते आणि डिझेल आत पसरतं. वरून टोचल्याएवढंच दिसतं, पण मग दवाखाना, शस्त्रक्रिया आणि कधी बोटच जातं. बेंचवर हे मी जवळून पाहिलं आहे.)

पंपवाल्याला अर्थातच नोझलचा संशय आला. एक आणि तीनची नोझल अदलाबदल केली. तांब्याचे नवे वायसर मी घेऊनच गेलो होतो, जुने परत वापरले की गळतात. नोझल खराब असतं तर दोष त्याच्याबरोबर एक नंबरला गेला असता. तो गेला नाही, तीनलाच राहिला. मग उरलं कॉम्प्रेशन. हीटरच्या भोकात गेज लावलं, डिझेल बंद ठेवून सेल्फ फिरवला. पहिला 30 किलो, दुसरा 29, तिसरा 23. अशा इंजिनांत सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या पुढे फरक नको असतो. इथे पाऊण हिस्साच उरला होता. तिसऱ्यात ऑइलचे मोजून चार-पाच थेंब सोडून पुन्हा मोजलं, 27 पर्यंत चढला. गळती व्हॉल्व्हमधून नाही, रिंगमधून. पेट्रोल इंजिनासारखं चमचाभर ऑइल डिझेलमध्ये ओतायचं नसतं. पिस्टनवर जागाच इतकी थोडी असते की ऑइल स्वतःच दाब वाढवतं आणि गेज खोटं बोलतं.

पण तिसराच का? 1,840 तास तिघांनीही सोसले होते. मी हवेचा मार्ग धरून मागे गेलो. फिल्टर ठीक, नुकताच झटकलेला. फिल्टरपासून मॅनिफोल्डला येणारा रबरी कोपर मात्र क्लिपने नव्हे, बाइंडिंगच्या तारेने आवळलेला. तार कापून कोपर काढला, आत बोट फिरवलं. बोटावर पावडरसारखी तांबडी माती. फिल्टरनंतरच्या पाइपात मातीचा कणही असता कामा नये. काठाला आडवी चीर होती, नख जाईल एवढी, आणि या इंजिनात हवा मॅनिफोल्डमध्ये मागच्या बाजूने शिरते, थेट तीन नंबरच्या तोंडाशी.

"तार कशाला बांधली?" मी मुलाला विचारलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. म्हणाला, "थंडीत बोळा द्यावा लागतो ना."

पेट्रोलचा बोळा. दोन-तीन हिवाळे रोज पहाटे कोपर काढायचा, पेट्रोलात भिजवलेली चिंधी हवेच्या तोंडाशी धरायची, सेल्फ मारायचा, इंजिन उठलं की कोपर परत ठोकायचा. पहिल्या हिवाळ्यात क्लिप हरवली, मग रबर फाटलं. आणि हे सगळं का, तर तीन नंबरचा हीटर गेला होता म्हणून. हीटरमुळे बोळा, बोळ्यामुळे चीर, चिरेतून माती, मातीने बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासला, बोअर घासला म्हणून इंजिन आणखी उशिरा उठायला लागलं, म्हणून आणखी मोठा बोळा. वर पेट्रोलची वाफ वेळेआधी पेटून पिस्टनच्या माथ्यावर हातोडा मारते ते वेगळंच. मालक ऐकत होते. ते मुलाला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "हीटर बदल म्हणून मीच सांगायला हवं होतं."

त्यानंतर ब्लोअर जोडून अर्धा तास चढ्या वेगात चालवला. दुपारी गावातल्या रस्त्यावर एक चक्कर मारण्यापेक्षा ज्या कामासाठी घ्यायचा त्या कामावर पाहिलेलं केव्हाही चांगलं. पंचविसाव्या मिनिटाला काटा लालच्या जवळ गेला, तो त्या खाल्लेल्या जाळीमुळे. ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर ठेवलं तर ते टकटक उडत होतं, म्हणजे रिंगमधून दाब खाली निसटत होता. ब्रीदरला निळसर धूर. ऑइलचा दिवा चावी फिरवताच लागत होता आणि इंजिन उठताच विझत होता. आधी लागतो का हे मुद्दाम पाहायचं, कारण काही जण दिवाच काढून ठेवतात.

भाव ठरवताना मी दोन हिशोब मांडले. एक इंजिनाचा. याला काढता येणारे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नाहीत, ब्लॉकच बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकावे लागतात, आणि एकाला टाकायचे म्हणजे तिघांना. रिंग, बेअरिंग, गॅस्केट, टर्नरची मजुरी, वॉटर पंप आणि रेडिएटरची नवी जाळी धरून माझा अंदाज 70 हजार. दुसरा हिशोब नव्या ट्रॅक्टरचा. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जो नवा 6 लाखांना पडायचा तो कर उतरल्यावर 5 लाख 62 हजार 500 ला पडतो. मालकांचे 3 लाख 25 हजार हे आधीच्या भावावर बसवलेले होते. नवा उतरला की जुन्यालाही उतरावं लागतं. हे त्यांनी लगेच मान्य केलं. इंजिनाचे 70 हजार मात्र मान्य केले नाहीत. "चालू आहे ना आज? उघडल्यावर काय निघेल ते तुमचं नशीब."

मी 2 लाख 30 हजारांवर अडून होतो. सौदा 2 लाख 55 हजारांना झाला. माझ्या मते पंचवीस हजार जास्त गेले. दाजींचं मत वेगळं, आणि ते खोडता येत नाही: मणी फुगायचा काळ, बागेला पुढच्या आठवड्यात फवारा हवा होता. गेलेल्या फवारणीची किंमत माझ्या हिशोबात कुठेच नव्हती. कागद त्याच दिवशी पाहिले. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता, कर्ज फिटलेलं असूनही. बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्यावरच उरलेले पैसे, असं लिहून घेतलं. नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, इंजिन नंबर आरसीशी जुळवला.

हंगाम तसाच काढायचा असं ठरलं. नवा कोपर नव्या क्लिपांसह, तिन्ही हीटर नवे, वॉटर पंपाचं सील, जाळी पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुतलेली, पाण्याऐवजी कूलंट. ऑइलची पातळी रोज सकाळी पाहायची आणि घट वहीत लिहायची हे ताईने स्वतःकडे घेतलं. तिच्या वहीप्रमाणे दर पंधरा तासांना साधारण अर्धा लिटर लागत गेलं, वाढलं नाही. बोळा बंद झाल्यावर पहाटेही दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला उठायला लागला.

मार्चअखेरीस काढणी संपली, खरड छाटणीच्या आधी इंजिन उघडलं. तीन नंबरची वरची रिंग दोन तुकड्यांत. बोअरच्या वरच्या भागात नखाला अडेल अशी कडा. एक आणि दोन झिजलेले, पण बरे. बेअरिंग जळक्या ऑइलने सांगितल्याप्रमाणे चांगली होती, तीच परत बसवली. माझ्या अंदाजाबाहेरचं एकच निघालं: रेडिएटरची जाळी नव्हे, आख्खा रेडिएटरच बदलावा लागला, वरच्या टाकीचा सांधाही औषधाने खाल्ला होता. ब्रश मारून रंगवलेल्या त्या सांध्याखाली मी पाहिलंच नव्हतं. एकूण 76 हजार.

तुटलेली रिंग दाजींनी मालकांना दाखवायला नेली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली, चहा पाजला, आणि निघताना मुलाला सांगितलं, की मोठ्या ट्रॅक्टरच्या पाइपाची तार काढून क्लिप टाक.